लाइट गेली तरी निभेल अशी डिस्कबदली: मिरर, कॉपी आणि मोठे ड्राइव्ह

सर्व्हरमधली २ टीबीची डिस्क भरत आली, आता ४ टीबीची बसवायची. काम एवढंच. कमांड चार-पाचच लागतात आणि त्या कुठंही सापडतात. डेटा जातो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळं. म्हणून प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारत पुढं जाऊ: आत्ता, या क्षणी लाइट गेली किंवा समोरची डिस्क बंद पडली, तर डेटाची धड प्रत कुठं आहे? सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. वळवाचा वारा सुटला की पहिल्यांदा लाइटच जाते.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. तिथल्या सर्व्हरवर डेबियन लिनक्स, आत २ टीबीचे दोन ड्राइव्ह, लिनक्सच्या एमडी या सोयीनं केलेल्या रेड-१ मध्ये, म्हणजे मिररमध्ये: दोन्ही डिस्कवर तोच डेटा. त्याच्यावर एलव्हीएम (जागेची वाटणी करणारा थर) आणि त्याच्यावर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. टॅलीचा डेटा, जकार्डच्या डिझाइन फाइली, एक्स्पोर्टची कागदपत्रं हे सगळं सांबा या फाइल-शेअरिंगच्या सॉफ्टवेअरवरून ऑफिसच्या पीसींना दिसतं. दुसरा सर्व्हर शहरात, नवी पेठेतल्या विक्री ऑफिसात. तुमच्याकडं हॉस्पिटल असेल, सीएचं ऑफिस असेल किंवा फोटो स्टुडिओ. मांडणी साधारण अशीच असते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण मालक मंडळींना हे पटवणं सगळ्यात कठीण. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. अकाउंटंटनं चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच सेकंदाला उडतं. रॅन्समवेअर आला तर दोन्ही प्रती इमानेइतबारे लॉक होतात. मिरर फक्त एकाच संकटातून वाचवतो: एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं.

ड्राइव्ह विकत घेताना

४ टीबीचा ड्राइव्ह लावल्यावर सिस्टिम ३.६४ दाखवते. दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि सॉफ्टवेअर १०२४ च्या पटीत, त्याचा हा फरक आहे.

पैसे वाचवायला जाऊन लोक जिथं अडकतात ती जागा म्हणजे एसएमआर ड्राइव्ह. यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळं एक पट्टी पुन्हा लिहायची तर शेजारच्याही लिहाव्या लागतात. घरच्या पीसीत हे जाणवत नाही. मिररमध्ये मात्र सलग काही तास लिखाण चालतं तेव्हा त्याचा वेग कोसळतो आणि कधी कधी ड्राइव्ह इतका वेळ उत्तर देत नाही की रेड त्याला मेलेला समजून बाहेर काढते. २०२० मध्ये नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीसाठी) म्हणून विकलेल्या काही ड्राइव्हमध्येही हे तंत्र न सांगता वापरल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. म्हणून मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या डेटाशीटवर सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवणारा प्रकार) असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. दुकानात ‘सेमच आहे साहेब’ म्हणतील, त्यावर जाऊ नका.

दोन ड्राइव्ह घ्यायचे तर जमल्यास वेगवेगळ्या लॉटचे घ्या. एकाच पेटीतून, एकाच टेम्पोतून हादरे खात आलेले जुळे ड्राइव्ह एकदमच आजारी पडू शकतात.

नवा ड्राइव्ह आला की लगेच मिररमध्ये घालू नका. डिस्कची तब्येत तपासणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडनं लाँग टेस्ट लावा. वेळ असेल तर बॅडब्लॉक्सची लिहून तपासणारी चाचणी घ्या. ती चार वेगवेगळे पॅटर्न लिहिते आणि प्रत्येक पॅटर्न परत वाचते, म्हणजे अख्ख्या डिस्कवरून आठ फेऱ्या होतात. ४ टीबीला त्यात अडीच-तीन दिवस सहज जातात. ही चाचणी डिस्कवरचं सगळं पुसते, म्हणून फक्त कोऱ्या ड्राइव्हवर आणि शक्यतो दुसऱ्याच मशीनवर.

कोणता ड्राइव्ह कोणता

लिनक्स ड्राइव्हना देतं ती एसडीए आणि एसडीबी ही नावं कायमची नसतात. रीबूट केलं किंवा केबल इकडची तिकडं केली की कालचा एसडीए आजचा एसडीबी होऊ शकतो. ज्याची ओळख बदलत नाही तो फक्त सिरीयल नंबर.

डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडला नाव, साइझ, मॉडेल आणि सिरीयल हे चार रकाने दाखवायला सांगा. आलेली यादी कागदावर उतरवा. मग सर्व्हर रीतसर बंद करून ड्राइव्ह बाहेर काढा, लेबलवरचा सिरीयल नंबर वाचा आणि त्याचे शेवटचे चार आकडे ट्रेच्या दर्शनी बाजूला मार्करनं लिहा. कारखान्यातल्या सर्व्हरवर सुताचा कोंडा इतका बसलेला असतो की लेबल वाचायलाही आधी ब्लोअर मारावा लागतो. तोही याच वेळी मारून घ्या. हे अर्ध्या तासाचं काम. ते न करता ‘वरचा असेल’ म्हणून ड्राइव्ह ओढला आणि तो धडधाकट निघाला, तर मागं उरतो तो आजारी. पुढं कमांड देतानाही एसडीए-एसडीबी टाळा. डेव्हच्या आतल्या डिस्क, बाय-आयडी या फोल्डरमधलं लांबलचक नाव वापरा, त्यात सिरीयल नंबर असतोच.

काढण्याआधी राहणाऱ्याची तब्येत बघा

मिररमधून एक डिस्क काढली की दुसरी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाणार. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेली फाइल जिथं आहे तो कोपराही. तिथं खराब सेक्टर निघाला तर ऐन वेळी कळतं आणि तेव्हा दुसरी प्रत नसते. म्हणून दोन्ही जुन्या डिस्क जागेवर असतानाच स्क्रब करून घ्या: एमडीच्या सिंक-ॲक्शन फाइलमध्ये ‘चेक’ हा शब्द लिहिला की दोन्ही डिस्क पूर्ण वाचल्या जातात, आणि न वाचता आलेला सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून भरून काढला जातो. डेबियन हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपणहून करतं, पण रविवारी सर्व्हर बंद ठेवायची पद्धत असेल तर ते कधीच झालेलं नसतं.

मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे बघा. ५ नंबर म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित, १९८ म्हणजे वाचताच न आलेले. १९७ आणि १९८ शून्य हवेत. ज्या डिस्कचे आकडे वाईट ती आधी बदलायची, चांगली शेवटी. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदला.

आणि या सगळ्याच्या आधी तिसऱ्या जागी ताजा बॅकअप. बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह चालेल. बॅकअप झाला असं स्क्रीनवर लिहून येणं पुरेसं नाही. मागच्या महिन्याचा टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरात परत आणून, टॅलीत उघडून अकाउंटंटला दाखवा. त्यानं मान हलवली की पुढं.

एकेक करून बदली

बॉक्समध्ये एखादा बे, म्हणजे ड्राइव्हचा कप्पा, रिकामा असेल तर नशीब चांगलं. नवा ड्राइव्ह लावा, पार्टिशन करा, रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम कमांडच्या ‘ॲड’नं मिररमध्ये घ्या आणि ‘रिप्लेस’ व ‘विथ’ देऊन जुन्याच्या जागी नवा भरायला सांगा. यात नवा पूर्ण भरेपर्यंत जुना कामावरच राहतो. मधेच लाइट गेली तरी दोन धड प्रती आहेतच. बे नसला तरी साटाचा एक पोर्ट मोकळा असेल तर केबिनेट उघडं ठेवून ड्राइव्ह बाहेर टेबलावर ठेवा, खाली पुठ्ठा घाला आणि तरीही हीच पद्धत वापरा. दिसायला गबाळं, पण सुरक्षित.

पोर्टच नसेल तर जुन्या डिस्कला ‘फेल’, मग ‘रिमूव्ह’, सर्व्हर बंद, ड्राइव्ह बदल, चालू, ‘ॲड’. या काळात आपल्या प्रश्नाचं उत्तर असं: चालू प्रत एकच, शिवाय यूएसबीवरचा बॅकअप आणि नुकतीच काढलेली डिस्क. ती काढलेली डिस्क फार मोलाची, कारण ती त्या क्षणापर्यंतची पूर्ण प्रत आहे. तिच्यावर तारीख-वेळ लिहा आणि कपाटात ठेवा. लगेच फॉरमॅट करून कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला लावायचा मोह होतो, तो आवरा. ती परत त्याच सर्व्हरला सहज म्हणून जोडूही नका, बूट होताना जुन्या-नव्याचा घोळ होऊ शकतो.

नव्या ड्राइव्हचं पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठं सुरू होतात, कुठं संपतात त्याची नोंद) जीपीटी प्रकारचं हवं, एमबीआर नको. एमबीआर ही १९८३ च्या पीसी-डॉस २.० पासून चालत आलेली पद्धत. ५१२ बाइटच्या सेक्टरला तिची धाव २.२ टीबीपर्यंतच, पुढची जागा असून नसल्यासारखी. रेडचं पार्टिशन डिस्कच्या अगदी टोकापर्यंत नेऊ नका, शंभरेक एमबी शेवटी सोडा. उद्या दुसऱ्या कंपनीचा ४ टीबी ड्राइव्ह आणला आणि तो थोडासा लहान निघाला तर रेड त्याला घेणार नाही. ही सोडलेली जागा तेव्हा कामाला येते.

बूटचा भाग लोक हमखास विसरतात. मशीन सुरू होताना वाचतं ते ईएफआय पार्टिशन साधारणपणे मिररमध्ये नसतं, ते एकाच डिस्कवर असतं. नव्या ड्राइव्हवर तसंच एक बनवा, फॅटमध्ये फॉरमॅट करा, जुन्यावरच्या फाइली कॉपी करा आणि ईएफआयबूटएमजीआरनं त्याची नोंद घाला. जुनं बायोस मशीन असेल तर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन करून ग्रब हा बूटलोडर दोन्ही ड्राइव्हवर इन्स्टॉल करा. हे राहिलं तर डेटा शाबूत आणि सर्व्हर उठत नाही, अशी सोमवार सकाळ उजाडते.

आता सिंक, म्हणजे नव्या ड्राइव्हवर प्रत उतरणं. प्रॉकमधल्या एमडीस्टॅट फाइलमध्ये टक्केवारी दिसते. २ टीबीला, सर्व्हर रिकामा असेल तर, चार ते पाच तास धरा. ऑफिस चालू असताना हा आकडा कितीही लांबू शकतो, कारण डिस्कवर दुसरं काम आलं की एमडी मुद्दाम मागं सरकतं: वरची मर्यादा सेकंदाला २,००,००० केबी असली तरी खालची फक्त १,००० केबी असते. रात्री ही खालची मर्यादा वाढवा, सकाळी परत उतरवा. नीट शटडाउन केलं तर सिंक थांबलं तिथून पुढं चालू होतं. त्यामुळं यूपीएसनं पाच तास टिकावं अशी अपेक्षा नाही. बॅटरी उतरायला लागल्यावर सर्व्हरला स्वतः बंद व्हायला सांगता आलं पाहिजे. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला लावून एनयूटी हे सॉफ्टवेअर बसवा आणि काम सुरू करण्याआधी एकदा खरोखर मेन स्विच पाडून बघा.

एमडीस्टॅटमध्ये दोन ‘यू’ शेजारी शेजारी दिसले की पहिली फेरी संपली. एकदा रीबूट करून, बायोसमधून नवा ड्राइव्ह निवडून बूट होतोय का पाहा. एक दिवस तसंच चालू द्या आणि मग दुसरा ड्राइव्ह, त्याच रीतीनं. दोन्ही एकाच रात्री उरकायची घाई कशाला?

वाढीव जागा हातात घेणं

दोन्ही ड्राइव्ह ४ टीबीचे झाले तरी फाइलसिस्टिम २ टीबीचीच दिसते. घाबरून फोन करू नका. जागा थरांत अडकलेली असते आणि ती खालून वर सोडवत जायची: आधी रेड, मग फिजिकल व्हॉल्यूम, मग लॉजिकल व्हॉल्यूम, शेवटी फाइलसिस्टिम.

एमडीएडीएमला ‘ग्रो’ सांगून ‘साइझ’ला ‘मॅक्स’ द्या. बिटमॅपमुळं (कोणता भाग अजून जुळायचाय याची रेडची नोंद) नकार आला तर बिटमॅप ‘नन’ करा, वाढवा आणि लगेच परत ‘इंटर्नल’ करा. बिटमॅप नसलेल्या काळात अचानक लाइट गेली तर अख्खा मिरर पहिल्यापासून सिंक होत बसतो, म्हणून ती फट छोटी ठेवा. वाढलेला भाग आता सिंक होईल, आणखी काही तास. मग पीव्हीरिसाइझ, मग एलव्हीएक्सटेंड. एलव्हीएक्सटेंडला छोट्या ‘आर’चा पर्याय दिला तर फाइलसिस्टिमही तोच वाढवतो. हे सगळं ऑफिस चालू असताना होतं, शेअर बंद करावा लागत नाही. सगळी जागा एकदम देऊन टाकू नका. पाचशे जीबी एलव्हीएममध्ये मोकळी ठेवली तर स्नॅपशॉटला (त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) उपयोगी पडते, आणि फाइलसिस्टिम ईएक्सटी४ ऐवजी एक्सएफएस असेल तर विशेषच, कारण ती वाढवता येते पण दिलेली जागा परत घेता येत नाही.

मिरर नाहीच, एकच डिस्क असेल तर

तेव्हा सरळ क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. सर्व्हर यूएसबीवरच्या लाइव्ह लिनक्सनं बूट करा. चालू डिस्कचा क्लोन काढला तर अर्ध्या फाइली जुन्या क्षणाच्या आणि अर्ध्या नव्या क्षणाच्या येतात. क्लोन काढणाऱ्या डीडी कमांडमध्ये ‘आयएफ’ म्हणजे कुठून आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठं. हे उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि डीडी एका शब्दानं विचारत नाही. एंटर मारण्याआधी कागदावरचे सिरीयल नंबर दुसऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या.

जुनी डिस्क कुरकुर करत असेल तर डीडी नकोच, डीडीरेस्क्यू घ्या. मॅप फाइल द्यायला विसरू नका, तीच त्याची वही आहे: कुठपर्यंत वाचलं, कुठं अडलं, हे तीत राहतं आणि लाइट जाऊन आली तरी काम पुढं चालू होतं. पहिल्या फेरीत अडलेली जागा सोडून सोपं तेवढं सगळं उचला, खरवडणं दुसऱ्या फेरीत. मरणाऱ्या डिस्कला आधीच खराब जागी झुंजवत ठेवलं तर चांगला भागही हातचा जातो.

क्लोननंतर दोन गोष्टी. जीपीटीची दुसरी प्रत जुन्या डिस्कच्या शेवटाला होती, ती मोठ्या डिस्कवर मधेच येते. एसजीडिस्कला छोटा ‘ई’ देऊन ती टोकाला न्या. आणि दोन्ही डिस्कचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) आता सारखे आहेत, म्हणून दोन्ही लावून बूट करू नका.

एमआयडीसीतून शहरात

दोन सर्व्हरमध्ये प्रत ठेवायला आरसिंक. ट्रिजेल आणि मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेलं हे साधन अजून मागं पडलेलं नाही. बदललेल्या फाइलींमधलेही फक्त बदललेले तुकडे ते नेटवरून पाठवतं.

पहिली पूर्ण प्रत इंटरनेटवरून पाठवायचा हट्ट नको. ५० एमबीपीएसच्या अपलोडला १.५ टीबी जायला जवळपास तीन दिवस लागतात आणि तेवढे दिवस ऑफिसचं नेट गुदमरतं. नवी पेठेतला सर्व्हर गाडीत घालून एमआयडीसीत आणा, गिगाबिट स्विचला लावा. तिथं सेकंदाला ११० एमबी मिळतात, १.५ टीबी चार तासांत होतं. वेग ११ वर अडकला तर स्विच नाहीतर केबल १०० एमबीपीएसची आहे, ती बदला. पहिली प्रत झाली की सर्व्हर परत नेऊन ठेवा. त्यानंतर रोज रात्री फक्त फरक जातो.

पर्याय निवडताना छोटा ‘ए’ तर हवाच, सोबत कॅपिटल ‘एच’, ‘ए’, ‘एक्स’ द्या, म्हणजे हार्डलिंक, एसीएल (कोणाला काय उघडता येईल त्याची यादी) आणि वाढीव गुणधर्मही जातात. सांबाच्या परवानग्या यातच असतात. सोर्सच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरच्या आतलं जातं, नाही दिली तर फोल्डरसकट जातं. ‘डिलीट’ पर्याय लावलात तर इथली उडालेली फाइल तिथूनही उडते, मग पुन्हा मिररवाली गोष्ट. त्यामुळं ‘ड्राय-रन’ केल्याशिवाय ‘डिलीट’ कधीच नाही, आणि रोजच्या प्रतीला ‘लिंक-डेस्ट’ वापरून तारखेनुसार वेगळी फोल्डरं ठेवा. न बदललेल्या फाइलींना त्यात नव्यानं जागा लागत नाही.

चालू डेटाबेसच्या फाइली आरसिंकनं उचलू नका. आधी डंप, म्हणजे डेटाबेसनं स्वतः दिलेली प्रत, काढा आणि तो पाठवा. टॅलीचा डेटा सगळ्यांनी टॅली बंद केल्यावरच, रात्री.

डीआरबीडी नावाचं साधन ब्लॉकच्या पातळीवर दोन सर्व्हर सतत जुळते ठेवतं, आणि ते २०१० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. एकाच खोलीत दोन सर्व्हर असतील तर उत्तम. ब्रॉडबँडवरून मात्र त्याच्या प्रोटोकॉल सीमध्ये प्रत्येक लिखाण समोरून पोच आल्याशिवाय पूर्ण होत नाही, आणि ऑफिसात ‘टॅली हँग झाली’ची ओरड सुरू होते. बहुतेक छोट्या उद्योगांना रात्रीचा आरसिंक पुरतो.

कधी करायचं

एप्रिल-मे टाळा. बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि सर्व्हर एसी नसलेल्या खोलीत, त्यात डिस्क रात्रभर पूर्ण जोरात. सिंक चालू असताना स्मार्टसीटीएलमध्ये तापमान बघत राहा. पंचेचाळीसपर्यंत मी निवांत असतो. पन्नासला टेकलं तर वेगाची वरची मर्यादा उतरवतो आणि केबिनेटसमोर टेबल फॅन लावतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, सुट्टीत हे काम सगळ्यात बरं: हवा थंड आणि ऑफिसात कोणी नाही.

काम झाल्यावर एमडीएडीएमचे इशारे ईमेलवर येतात का ते चाचणी मेल पाठवून बघा. पहिल्या आठवड्यात आणखी एकदा स्क्रब करा. काढलेल्या जुन्या डिस्क महिन्याचा हिशोब बंद होऊन जाईपर्यंत कपाटातच राहू द्या. त्यानंतर त्यातली चांगली तिसऱ्या बॅकअपला घ्या आणि दुसरी भंगारात देण्याआधी श्रेडनं एक फेरी पूर्ण पुसून, सिरीयल नंबर आणि पुसल्याची तारीख रजिस्टरात लिहून ठेवा. एसएसडी असेल तर श्रेडऐवजी ड्राइव्हची स्वतःची सिक्युअर इरेझ वापरा.